चौकटीतली टाच

मीटर बघायला आलेला माणूस दारात उभा होता आणि मी सोफ्याखाली होते. पूर्ण नाही, अर्धी. कमरेपासून पुढचा भाग सोफ्याखाली, उरलेली मी खोलीच्या मधोमध. त्याला माझे तळवे तेवढे दिसले असणार. तो थबकला आणि सासूबाईंना हळूच म्हणाला, "त्यांना बरं नाहीये का?"

"बरं आहे की," सासूबाई म्हणाल्या. "ती ऑफिसात आहे. मीटर इकडे, या तुम्ही."

हसू दाबायच्या नादात मी सोफ्याच्या फळीवर डोकं आपटून घेतलं. त्याआधी कितीतरी महिने सासूबाई माझ्या कामाला 'तुझं ते सरपटणं' म्हणत होत्या. त्या दिवसापासून ते ऑफिस झालं. सोफ्याखाली खुर्ची नव्हती, टेबल नव्हतं, वारासुद्धा नव्हता. पण ऑफिस म्हणजे ऑफिस.

मी एक वेबसाइट चालवते. 'रांगतं घर' तिचं नाव. घरातली कुठली वस्तू रांगत्या मुलाच्या हाताला लागते, तोंडात जाते, अंगावर येते, हे मी तिथं फोटोंसकट लिहिते. फोटो सगळे जमिनीवरून काढलेले. हनुवटी फरशीला टेकवून.

मी जन्मजात काळजी करणारी. घरात माझं नाव दुर्बीण. हे नवऱ्यानं ठेवलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, त्यामुळे त्याच्या सगळ्या उपमा त्याच कपाटातून निघतात. आमची मुलगी झाल्यावर माझी काळजी दुप्पट झाली आणि ती रांगायला लागल्यावर तिला सुमारच राहिला नाही. मुलगी एका जागी ठरायची नाही. इथं म्हणता तिथं. भिंगरीच. आता सगळे तिला भिंगरीच म्हणतात.

तेव्हा मी इंटरनेटवर मिळेल ते वाचलं. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावा, औषधं वर ठेवा. सगळं खरं, पण सगळं उभ्या माणसानं उभ्या माणसाला सांगितलेलं. एका दुपारी भिंगरी जिथं पालथी पडली होती तिथं मीही तिच्याशेजारी पालथी पडले. आणि माझं घर मला पहिल्यांदा दिसलं. सोफ्याच्या बुडाला काळं पातळ कापड लावलेलं असतं, ते पिनांनी ठोकलेलं असतं, आणि त्यातल्या दोन पिना सैल होऊन लोंबत होत्या. दार भिंतीवर आपटू नये म्हणून खाली स्प्रिंग असते. तिच्या टोकाला रबराची टोपी असते. बोटानं ओढली तर ती टोपी निघाली. मुलांच्या तोंडात बेतानं मावेल एवढी.

सासूबाई खोलीत आल्या. "काय हरवलं गं?"

"काही नाही, आई."

"मग शोधतेस काय?"

"काय सापडू शकतं ते."

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "दुर्बीण जमिनीवर उतरलीय, आई. चालू दे."

आता खरं म्हणजे माझा आधी एक ब्लॉग होता. आई होताना मनात येणारे विचार, असा. कॉलेजात निबंधाला बक्षिसं मिळाली होती, त्याची ती उरलेली खुमखुमी. तो ब्लॉग माझी बहीण वाचायची, आणि तीही मी फोन करून आठवण केल्यावर. पण सोफ्याखालच्या पिनेचा फोटो टाकला आणि खाली चार ओळी लिहिल्या, तर संध्याकाळपर्यंत अनोळखी बायका आपापल्या सोफ्यांच्या बुडांचे फोटो पाठवायला लागल्या. विचार नको होते लोकांना. पिन हवी होती.

त्यातून साइट झाली. हळूहळू जाहिराती आल्या. मी वापरून पाहिलेल्या वस्तूची लिंक देते. ती दाबून कुणी खरेदी केली की दुकान मला वाटा देतं. आणि मग लोकांनीच विचारलं, आमचं घर बघाल का? तेव्हापासून मी व्हिडिओवर घरं तपासते. त्यांनी फोन घेऊन रांगायचं, मी इकडून बघायचं. "अजून खाली घ्या. अजून. हनुवटी टेकली पाहिजे." बायका लगेच रांगतात. बापमाणसं आधी वाकतात, मग उकिडवी बसतात, मग इकडेतिकडे बघतात आणि शेवटी टेकतात. एका बापानं पलंगाखालून मला फोनवर सांगितलं, "अहो, इथं माझी कॉलेजातली कंपासपेटी आहे." आवाज भरून आला होता त्याचा. मी म्हटलं, "कर्कटक काढून घ्या आधी."

मी बसल्या जागी जी काळजी करत होते, तीच काळजी आता दुसऱ्यांच्या उपयोगी पडत होती. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

या कामाचा एकच नियम होता. भिंगरी साइटवर दिसणार नाही. तिचा चेहरा नाही, नाव नाही, काहीच नाही. जे पान कुणीही उघडू शकतं, तिथं माझी मुलगी नको. नियम करायला सोपा होता, पाळायला महाकठीण; कारण मी जिथं रांगायचे तिथं ती माझ्या पुढं पोचलेली असायची. फोन रोखला की चौकटीत तिची टाच. जरा सरकले की कोपर. तिला बाजूला ठेवलं की वळसा घालून परत. शेवटी मी तिच्यासकट फोटो काढायला लागले आणि मग कडेचा तेवढा भाग कापून उरलेला साइटवर टाकायला लागले.

आता जे झालं ते सांगते.

भिंगरी अडीच वर्षांची झाली होती आणि पाळणाघरात जायला लागली होती. तिथल्या ताईंनी पालकांची सभा ठेवली शनिवारी. मला म्हणाल्या, "तुम्ही या आणि भिंतीवर मोठं करून दाखवा तुमची साइट. मी सगळ्यांना सांगितलंय, तज्ज्ञ येणारेत." तज्ज्ञ हा शब्द मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होते. घरी आल्यावर सहज बोलल्यासारखं सांगितलं. सासूबाईंनी त्याच दिवशी ठेवणीतले कपडे इस्त्रीला दिले.

सभेच्या आधीच्या सोमवारी, भिंगरीला आणून जेवू घालून झोपवलं आणि साइट उघडली, तर पान कोरं. मधोमध एक ओळ: हे पान सध्या उपलब्ध नाही.

वेबसाइट म्हणजे भाड्याच्या जागेत मांडलेलं दुकान. ती जागा देणारी जी कंपनी असते, तिला होस्टिंग कंपनी म्हणतात. त्या कंपनीचा मेल येऊन पडला होता. कुणीतरी तक्रार केली होती की माझ्या साइटवरचे फोटो आणि मजकूर त्यांचे आहेत, मी चोरलेत. चौकशी होईपर्यंत साइट बंद. आठवडाभरात मूळ फोटो किंवा दुसरा पुरावा दिला नाही, तर ती कायमची काढून टाकली जाईल.

तक्रार करणाऱ्यांची साइट मी उघडली. वर हसरं बाळ, खाली विकायला कोपऱ्यांची रबरं आणि कपाटांची कुलपं. आणि मध्ये माझं घर. माझा सोफा. माझी फरशी, तिचा तो टवका उडालेला कोपरा. माझ्या दारामागची स्प्रिंग. खाली लिहिलं होतं, 'आमच्या तज्ज्ञांच्या चमूने टिपलेली छायाचित्रे.' तज्ज्ञांचा चमू त्या वेळी आतल्या खोलीत अंगठा तोंडात घालून झोपला होता.

मी वाचत गेले. वाक्यंही माझीच. 'सासूबाईंनी विचारलं, काय हरवलं गं,' हेसुद्धा तसंच्या तसं.

सासूबाई माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. "म्हणजे मी त्यांच्याकडे कामाला आहे?"

"असं दिसतंय, आई."

"आणि मला पत्ता नाही." त्यांनी चष्मा नीट केला. "बंद कर ते. नाही, थांब. आधी सगळं वाचू दे मला. आणखी काय काय बोलले मी त्यांच्याकडे, बघू."

सगळ्यात वाईट म्हणजे तारखा. त्यांच्या प्रत्येक लेखावरची तारीख माझ्या लेखाच्या आधीची. लेखावर तारीख हवी ती टाकता येते, हे ब्लॉग चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण कागदोपत्री ते आधीचे, मी नंतरची. चोर मी.

नवरा संध्याकाळी आला. ऐकून घेतलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "एवढंच ना? मूळ फोटो पाठव. फोटोच्या पोटात तारीख असते, कुठल्या फोननं काढला तेही असतं. संपला विषय."

मी त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"अगं, पाठव की."

"नाहीयेत."

"नाहीयेत म्हणजे?"

"फोन भरला होता. जागा करायला काढून टाकले."

साइटवर जे फोटो होते ते त्यानंच लहान करून दिले होते, पान लवकर उघडावं म्हणून. त्यांच्या पोटात काही उरलेलं नव्हतं. कामाचे, नीट कापलेले, स्वच्छ फोटो मी पुसून टाकले होते. माझा हिशोब साधा होता: काय, साइटवर आहेतच की.

त्यानं माझा फोन घेतला आणि बोटानं वर सरकवत राहिला. "मग हा भरलाय कशानं? टाच. टाच. कान. ही काय, कोपर का? हा तर नुसता ढग आहे. परत टाच." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "जगातली प्रत्येक बाई घरातला कचरा टाकते आणि सामान ठेवते. तू सामान टाकलंस."

"तो कचरा नाहीये."

"मी कचरा म्हटलं नाही."

"आत्ताच म्हणालास."

"बरं, टाचांचं संग्रहालय आहे. झालं समाधान?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी स्वच्छ होती, तरी घासली. मला राग त्याचा नव्हता. शनिवारी भिंतीवर कोरं पान उघडेल आणि पालकांमध्ये कुणीतरी कुणाच्या तरी कानात म्हणेल, चोरलेलं होतं म्हणे, हे मला नळाच्या धारेत स्पष्ट दिसत होतं. काळजी करणाऱ्या माणसाला पुढचं सगळं दिसतं, आणि त्यातलं बरंचसं होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हे झालंच होतं.

मंगळवारी मी काही काम केलं नाही. वाचकांचे मेल येत होते: साइट उघडत नाही, बरं आहे ना? एका बाईनं लिहिलं होतं की घर बदललंय, नव्या घरात रांगायला घेणार होते, पानं कुठं गेली? उत्तर काय देणार. भिंगरी पाळणाघरात होती. मन रमवायला मी तिचे जुने फोटो बघत बसले. रांगतानाचे. एका फोटोत तिची टाच होती, गुबगुबीत, डाव्या कडेला, हललेली. हा फोटो मी शंभरदा बघितला असेल. मी तो टाचेसाठी बघायचे.

टाच धूसर होती. कॅमेऱ्यानं नेम धरला होता तो तिच्या मागच्या पिनेवर. काळं कापड, सैल पिन, तिच्यावरचा गंजाचा ठिपका, सगळं लख्ख.

मी फोन खाली ठेवला आणि परत उचलला. हाच तो फोटो. साइटवरचा. टाच कापून उरलेला जो भाग मी टाकला होता, तो हाच. मी पुसले होते ते कापलेले तुकडे. ज्यांतून ते कापले, ते सगळे अख्खे फोटो माझ्याकडे होते, कारण त्यांत कुठं ना कुठं भिंगरी होती, आणि जिच्यात भिंगरी आहे अशी एकही गोष्ट मी आजवर टाकलेली नाही. मी म्हणे दुर्बीण. इतके महिने माझ्या हातातल्या फोटोत मला टाचेपलीकडे काही दिसलं नव्हतं.

मी नवऱ्याला दुकानात फोन केला. "संग्रहालय उघड," म्हटलं. "पाहुणे येणारेत."

संध्याकाळी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. एका पडद्यावर चोरांची साइट, दुसरीकडे माझा फोन. सासूबाई जोड्या लावत होत्या. त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलंय. कपडा कुठून कापलाय हे त्यांना कडेवरून कळतं.

"स्प्रिंगचा हा. हिच्यात तिची मूठ आहे बघ कोपऱ्यात. पडद्याच्या दोरीचा हा, डोक्याची मागची बाजू. काय जावळ होतं गं तेव्हा."

"आई, जावळ नंतर. जोडी लावा."

"लावतेय. त्यांच्याकडे हा जास्तीचा भाग नाही ना?"

"नाही. कुठून असेल?"

"मग एवढं काय लिहायचंय त्या कंपनीला," त्या म्हणाल्या. "कापडाच्या ठाणातून झबलं निघतं. झबल्यातून ठाण निघत नाही."

मी कंपनीला जे लिहिलं ते याच वाक्याचं लांबण होतं: माझ्या फोटोंत त्यांचे फोटो पूर्ण मावतात आणि वर उरतं, त्यांच्यात माझे मावत नाहीत. तारखा फोटोंच्या आतच आहेत. नवऱ्यानं जोड्या ओळीनं लावून दिल्या.

आणि मग टेबलाचा फोटो आला.

साइटवरचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान तेच होतं. जेवणाच्या टेबलाखालून वर बघत काढलेला फोटो: टेबलक्लॉथचं लोंबणारं टोक आणि त्याच्यावर, अगदी कडेला, चहाच्या कपाचा कान. उभ्या माणसाला तो कप टेबलाच्या बराच आत वाटतो. खालून बघितलं की कळतं, ते टोक 'ओढ मला' म्हणतंय आणि कप त्याच्या पाठोपाठ यायला तयार बसलाय. कितीतरी घरांतली टेबलक्लॉथं त्या पानामुळे कपाटात गेली असतील.

त्या अख्ख्या फोटोत टाच नव्हती. भिंगरी होती. पूर्ण, समोरून, तोंडभर हसत, दोन दात दाखवत.

नवरा म्हणाला, "पाठव. कंपनीत कुणीतरी एक माणूस बघेल आणि विसरेल."

"नाही."

"अगं, तेच मुख्य पान आहे."

"माहितेय. मीच लिहिलंय."

"चेहरा झाकून पाठव मग."

तेही करून बघितलं. चेहऱ्यावर पांढरा गोल टाकला आणि दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. फोटोत काहीतरी फेरफार केलाय असंच वाटत होतं. नेमकं तेच आम्हाला वाटू द्यायचं नव्हतं. आणि मला त्या गोलाकडे बघवेना.

"आई, तूच सांग हिला," नवरा म्हणाला.

सासूबाई गोल न टाकलेला मूळ फोटो बघत होत्या. मग म्हणाल्या, "ती लोकांना सांगते ना, पोराच्या हाताला लागेल असं काही खाली ठेवू नका म्हणून? मग ती पोरीलाच कशी ठेवेल कुणाच्याही हाताला?" आणि उठल्या. "जेवायला बसा. टेबल रिकामं करा."

मी तो फोटो वगळला. मेलमध्ये स्पष्ट लिहिलं, या एका फोटोचा पुरावा माझ्याकडे आहे पण मी देणार नाही, कारण त्यात माझ्या मुलीचा चेहरा आहे. ते पान गेलं तर जाऊ दे. मेल पाठवला आणि जेवायला ताटं घेतली.

गुरुवारी पाळणाघराच्या ताईंना खरं ते सांगून टाकलं. "साइट बंद आहे. शनिवारी उघडेल की नाही, सांगता येत नाही. कुणीतरी म्हणतंय मी चोरलंय."

"तुम्ही चोरलंय?"

"नाही."

"मग झालं तर. साइट नाही उघडली तर तुम्ही रांगून दाखवा," ताई म्हणाल्या. "जागा भरपूर आहे आमच्याकडे."

शुक्रवारी सकाळी मेल आला. तक्रार फेटाळली होती. साइट उघडत होती. एक टेबलाचा फोटो सोडून. त्याचा पुरावा न दिल्यानं तो बंदच राहील, असं त्यांनी सभ्यपणे लिहिलं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली आणि मला वाईट वाटायची वाट बघितली. नाही वाटलं. तक्रार करणाऱ्यांनाही कुणीतरी तंबी दिली असावी; दुपारी बघितलं तर चोरांच्या साइटवरून माझा सोफा गेला होता, दार गेलं होतं, सासूबाईंची नोकरी गेली होती. टेबल तेवढं राहिलं होतं.

"अख्खं घर फोडून टेबल नेलं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या. "नेऊ दे. जड आहे ते."

पान मात्र मला हवं होतं. शनिवारी तेच दाखवायचं होतं. म्हणून भिंगरी घरी आल्यावर मी कपाटातून टेबलक्लॉथ काढलं, कडेला कप ठेवला, रिकामा, आणि टेबलाखाली शिरले. आता तिथं मावणं अवघड झालंय, गुडघे बोलतात.

भिंगरी बाजूला उभी राहून बघत होती. "आई, तू बाळ झालीस?"

"हो. तू येतेस?"

"मी बाळ नाही," ती म्हणाली. मोठ्या माणसासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी फोन रोखला. तोवर ती आलीच, रांगत, माझ्या कानावरून, थेट चौकटीत, आणि पुढं निघून गेली. मी बटण दाबलं.

फोटो बरा आला होता. टोक लोंबतंय, कपाचा कान दिसतोय, आणि उजव्या कडेला टाच. आता ती गुबगुबीत राहिलेली नाही. लांबट झालीय, खाली पाळणाघरातल्या रंगाचा डाग आहे. सवयीनं माझं बोट ती कड कापायला गेलं.

मग थांबलं. नुसती टाच आहे. टाचेवरून कुणी कुणाला ओळखत नाही. पण आमच्या घरातून काही गेलं, तर आम्ही ते टाचेवरून ओळखू. मी फोटो तसाच टाकला, अख्खा. नवऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "धूसर आहे."

"असू दे."

"असू दे की. मी चांगलंच म्हणतोय."

तेव्हापासून साइटवरच्या प्रत्येक नव्या फोटोत कडेला कुठंतरी एक टाच असते. वाचकांना ती आता ओळखीची झालीय. नसली तर विचारतात.

शनिवारी पाळणाघराची मोठी खोली भरली होती. पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. सासूबाईंना ताईंनी मोठी खुर्ची दिली होती, ती त्यांनी ओढून पहिल्या ओळीच्याही पुढं घेतली. भिंगरी त्यांच्या मांडीवर.

ताई म्हणाल्या, "या एक वेबसाइट चालवतात."

"चालवत नाही, रांगवते," सासूबाई म्हणाल्या, मागच्या ओळीलाही ऐकू जाईल अशा आवाजात. लोक हसले.

मी साइट उघडली. ती उघडली. टेबलाचं पान काढलं. अख्ख्या भिंतीवर आमचं टेबल खालून, तो कपाचा कान, आणि उजवीकडे दारापर्यंत पोचलेली एक टाच. पालक माना तिरप्या करून बघायला लागले. भिंगरी सासूबाईंच्या मांडीवरून म्हणाली, "माझा पाय."

"हो गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "तुझाच. सिद्ध झालंय."

मी बोलले. काय बोलले ते फारसं आठवत नाही. शेवटी म्हटलं की सांगून कळत नाही, घरी जाऊन हनुवटी टेका. पुढच्या ओळीतला एक उंच गृहस्थ म्हणाला, "इथंच टेकू का? इथंही मुलं असतातच की." ताई जरा दचकल्या, पण मान डोलावली. तो बुटक्या खुर्चीवरून उतरला, आधी वाकला, मग उकिडवा बसला, मग टेकला. त्याची बायको टेकली. मग एकेक करत सगळी खोलीच खाली आली. कपाटांच्या खालून आवाज यायला लागले: "इकडे एक खिळा आहे," "ही वायर कुणाची?" ताई वही घेऊन त्यांच्या मागं रांगत होत्या.

उशिरा आलेली एक आई दारात थबकली. तिला सगळीकडे फक्त तळवे दिसत होते. ती सासूबाईंकडे वळून हळूच म्हणाली, "काय झालंय यांना?"

सासूबाईंनी भिंगरीला सावरून बसवलं आणि बाजूची बुटकी खुर्ची पुढं सरकवली.

"ऑफिसात आहेत सगळे," त्या म्हणाल्या. "तुम्ही या ना. पर्स ठेवा इथं, मी बघते."